लंडनमधला निवांत रविवार: आई-बाबा आणि मुलांना घेऊन लिटल व्हेनिस ते प्रिमरोझ हिल, टप्प्याटप्प्याने

दर उन्हाळ्यात आमच्या ओळखीत कुणाचे ना कुणाचे आई-बाबा भारतातून येतात आणि मग मला फोन येतो, अगं रविवारी लंडन दाखवायचंय, प्लॅन सांग ना. मी सांगते, ते हो हो म्हणतात, आणि रविवारी साडेअकराला घरातून निघून बिग बेन, लंडन आय, बकिंगहॅम पॅलेस, म्युझियम आणि शेवटी ऑक्सफर्ड स्ट्रीट असं सगळं एका दिवसात कोंबतात. तीन वाजेपर्यंत सासूबाईंचे गुडघे बोलायला लागतात, धाकटी रडायला लागते, नवरा-बायको एकमेकांशी बोलेनासे होतात, आणि घरी येताना ट्रेनमध्ये सगळे झोपलेले. हे इतक्या जणांचं झालंय की आता एकदा नीट लिहूनच काढते.

माझा नियम एकच आहे: एका रविवारी लंडनचा एकच भाग, आणि त्यात दोनदा तरी निवांत बसायचं. बिग बेन वगैरेसाठी वेगळा दिवस ठेवा. खाली दिलाय तो रूट आम्ही चार-पाच वेळा केलाय, वेगवेगळ्या पाहुण्यांना घेऊन: पॅडिंग्टन, लिटल व्हेनिस, लोकमान्य टिळक राहिले ते घर, रीजंट्स कॅनॉलच्या काठाकाठाने चालत प्रिमरोझ हिल, तिथून डॉ. आंबेडकरांचं घर, आणि मग परत. कालव्याकाठचं चालणं साधारण चार किलोमीटर आणि बाकी सगळं धरून वर दीड-दोन. साडेदहाला सुरू केलं की रमतगमत पाच वाजतात.

टप्पा १: तारीख ठरवताना (निदान एक आठवडा आधी)

रविवारी लंडनमध्ये काय बंद असतं हे आधी बघा, कारण आपल्याकडे रविवार म्हणजे सगळं उघडं असं डोक्यात बसलेलं असतं. वेस्टमिन्स्टर ॲबे आणि सेंट पॉल्स कॅथीड्रल रविवारी पर्यटकांना बघायला खुली नसतात, फक्त प्रार्थनेसाठी असतात. कितीतरी लोक रविवारी तिथे जाऊन दारातून परत आलेत. आणि इंग्लंडमधली मोठी दुकानं, म्हणजे २८० चौरस मीटरपेक्षा मोठी, रविवारी कायद्याने फक्त सलग सहा तास उघडी ठेवता येतात, सकाळी १० ते संध्याकाळी ६ च्या आत. बरीचशी चार किंवा पाचला बंद होतात. म्हणजे परत येताना मोठ्या सुपरमार्केटमधून दूध-ब्रेड-भाजी घेऊ हा विचार सोडून द्या, सोमवारच्या डब्याचं सामान शनिवारीच आणून ठेवा. छोटी दुकानं उशिरापर्यंत उघडी असतात पण तिथे भाव जास्त आणि कोथिंबीर नसते.

दुसरं म्हणजे उजेड. जून-जुलैमध्ये रात्री सव्वानऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये पावणेचार-चारला सूर्य मावळतो. हा रूट एप्रिल ते सप्टेंबरमध्ये करा. ऑक्टोबरमध्ये करायचा असेल तर सगळं तासभर अलीकडे ओढा आणि शेवटच्या रविवारी करूच नका, त्या दिवशी घड्याळ एक तास मागे जातं आणि संध्याकाळ अचानक लवकर येते. मार्चच्या शेवटच्या रविवारी उलटं होतं, घड्याळ पुढे जातं, मोबाइल आपोआप बदलतो पण बाबांचं मनगटी घड्याळ नाही, आणि मग ते सगळ्यांना तासभर उशिरा उठवतात.

मे महिन्याच्या पहिल्या बँक हॉलिडेच्या, म्हणजे सार्वजनिक सुट्टीच्या, वीकेंडला लिटल व्हेनिसला बोटींची जत्रा असते. बघायला छान आहे पण बग्गी (बाळाची ढकलगाडी) घेऊन आणि ज्येष्ठ मंडळींसोबत निवांत फिरायचं असेल तर तो वीकेंड टाळा.

टप्पा २: शनिवारी संध्याकाळी ट्रेन तपासणं

ही पायरी लोक हमखास गाळतात आणि निम्मे रविवार इथेच वाया जातात. ब्रिटनमध्ये रुळांची आणि सिग्नलची कामं मुद्दाम वीकेंडला काढतात, त्यामुळे शुक्रवारपर्यंत मस्त चालणारी तुमची ट्रेन रविवारी नसू शकते किंवा अर्ध्या रस्त्यात उतरून बसमध्ये बसावं लागतं.

आम्ही लंडनबाहेर राहतो, ट्रेनने तासाभरावर. पहिल्याच वर्षी सासू-सासरे आले होते तेव्हा काहीही न बघता सकाळी सहा जणांची वरात स्टेशनवर नेली, प्लॅटफॉर्म रिकामा, आणि बाहेर ट्रेनऐवजी लावलेली बस उभी. सासूबाईंना बस लागते. पुढचा दीड तास मी एका हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि दुसऱ्या हातात त्यांचा हात धरून बसले होते, आणि त्या बिचाऱ्या मलाच सॉरी सॉरी म्हणत होत्या. पाच मिनिटं मोबाइल बघितला असता तर हे टळलं असतं. त्या दिवसापासून शनिवारी जेवण झालं की मी हे करते:

१. ट्रेनच्या ॲपमध्ये उद्याची नेमकी वेळ टाकून बघायची, आजची नाही. बससारखं चिन्ह दिसलं की समजायचं काम चालू आहे.

२. ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या ॲपवर किंवा साइटवर ट्यूबचं, म्हणजे लंडनच्या मेट्रोचं, स्टेटस बघायचं, आणि त्यात "आत्ता" ऐवजी वीकेंड निवडायचा. आत्ताचं स्टेटस शनिवार रात्रीचं असतं, रविवारचं नाही. ही चूक माझ्या नवऱ्याने दोनदा केलीय.

३. परतीची ट्रेनही बघायची. कामं कधीकधी फक्त एका दिशेला किंवा फक्त संध्याकाळी असतात.

तपासा: पॅडिंग्टनकडे येणारी तुमची लाइन बंद असेल तर दुसऱ्या कुठल्या स्टेशनवरून येता येतं ते आत्ताच ठरवा. उद्या सकाळी दारात बूट घालताना ठरवायला गेलात तर भांडण होतं.

टप्पा ३: कार्डं, ज्याचं त्याचं वेगळं

लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत, ट्यूबलाही कागदी तिकीट महाग पडतं. कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड, मोबाइल किंवा ऑयस्टर कार्ड (आधी पैसे भरून वापरायचं लंडनचं प्रवासाचं कार्ड), यापैकी काहीतरी प्रत्येकाकडे हवं. एका कार्डावर दोन माणसं जात नाहीत. नवऱ्याच्या कार्डावर तो आत गेला, मग त्याने कार्ड मागे दिलं आणि बायकोने टॅप केलं, हे चालत नाही.

आता सगळ्यात जास्त पैसे जिथे जातात ते ऐका. सकाळी मोबाइलने टॅप केलं आणि उतरताना तेच कार्ड खिशातून काढून टॅप केलं, तर सिस्टिमच्या दृष्टीने ती दोन वेगळी कार्डं आहेत, बँक खातं एकच असलं तरी. मग दोन अर्धवट प्रवास होतात आणि दोन्हीला जास्तीत जास्त भाडं लागतं. सकाळी ज्याने सुरुवात केली त्यानेच दिवस संपवायचा, घड्याळ तर घड्याळ, मोबाइल तर मोबाइल. त्यामुळेच दिवसभराच्या भाड्याची कमाल मर्यादा, म्हणजे डेली कॅप, पण नीट लागते. बसमध्ये फक्त चढताना टॅप करायचं, उतरताना नाही. ट्यूब आणि ट्रेनला दोन्हीकडे, गेट उघडं दिसलं तरी.

लंडनबाहेरून येत असाल तर अजून एक: एलिझाबेथ लाइनवर रेडिंगच्या बाजूने येताना कॉन्टॅक्टलेस चालतं पण वेस्ट ड्रेटनच्या पलीकडे ऑयस्टर चालत नाही. आई-बाबांना ऑयस्टर दिलं असेल आणि तुम्ही स्लाव किंवा मेडनहेडला राहत असाल तर तिथे अडकाल.

मुलांचं: ११ वर्षांखालची मुलं मोठ्या माणसासोबत ट्यूब आणि बसमध्ये फुकट, एका मोठ्याबरोबर चार मुलांपर्यंत. त्यांना कार्ड नको, रुंद गेटमधून सोबत न्यायचं. ११ ते १५ वाल्यांचं मात्र लोक विसरतात, त्यांना फोटोवालं झिप ऑयस्टर काढलं असेल तरच बस फुकट आणि ट्यूब स्वस्त. भारतातून भाचा-पुतण्या आला असेल तर त्याच्या साध्या ऑयस्टरवर ट्यूब स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून यंग व्हिजिटर डिस्काउंट लावून घ्या. आमचा थोरला अकराचा झाला त्या महिन्यात आम्ही त्याचं पूर्ण भाडं भरत होतो कारण कुणाच्या लक्षातच आलं नाही.

आई-बाबांचं: ते साठीच्या पुढे आहेत म्हणून आपोआप सवलत मिळेल असं सगळ्यांना वाटतं. फुकट प्रवासाची कार्डं इथल्या रहिवाशांना आहेत, पाहुण्यांना नाहीत. पण सीनियर रेलकार्ड साठीच्या पुढच्या कुणालाही घेता येतं, पासपोर्ट दाखवून, आणि ते स्टेशनवर सांगून ऑयस्टरला जोडून घेतलं की गर्दीच्या वेळा सोडून ट्यूबचं भाडंही एक तृतीयांश कमी होतं. रविवार अख्खा दिवस गर्दीबाहेरचाच धरतात. महिना-दोन महिने राहणार असतील तर रेलकार्डाचे पैसे बाहेरून ट्रेनने यायच्या काही फेऱ्यांतच वसूल होतात. त्यांच्या भारतातल्या व्हिसा-मास्टरकार्डवर टॅप होतं बऱ्याचदा, पण त्यावर परकीय चलनाचे चार्जेस किती ते आधी बघा.

मूल सोबत असेल आणि लंडनबाहेरून ट्रेनने येणार असाल तर फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड बघा, चार मोठे आणि चार मुलं एका कार्डावर येतात, मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना ६० टक्के सूट.

टप्पा ४: पिशवी आणि डबा

दुपारचं जेवण घरून न्या. पैशाचा प्रश्न नाहीये खरं तर. डबा सोबत असला की कुठे जेवायचं यावर एक तास जात नाही, आणि पथ्यवाल्यांना शोधाशोध करावी लागत नाही. आम्ही नेतो ते: दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, बटाट्याची कोरडी भाजी, काकडी चिरून, एक मोठा थर्मास चहा. पातळ रस्सा, आमरस, ताक असलं काही नेऊ नका, कालव्याकाठच्या बाकावर ते सांडणारच. धाकटीसाठी केळी वेगळ्या डब्यात, नाहीतर सगळ्या पिशवीला केळ्याचा वास.

बसायला पातळ चटई, आणि ती पाणी न शोषणारी हवी कारण गवत दुपारपर्यंतही ओलं असतं. प्रत्येकाला एक जाकीट, अगदी जुलैमध्येही, टेकडीवर वारा असतो. आईंनी साडी नेसली असेल तर चप्पल नको, बूट घाला म्हणून आधीच सांगा, मी कित्येक आईंना साडीखाली स्पोर्ट्स शूज घालायला लावलेत आणि कुणीही तक्रार केलेली नाही. गुडघ्याच्या गोळ्या, मुलांचे एक जादा मोजे, ओले टिश्यू, पॉवर बँक.

लक्षात ठेवा: बग्गी नेणार असाल तर हलकी, घडी होणारी न्या. वाटेत पायऱ्या आहेत.

टप्पा ५: पॅडिंग्टनपासून सुरुवात

साडेदहाच्या आत पॅडिंग्टनला पोचायचं ठरवा. उतरल्यावर पहिलं काम टॉयलेट. पॅडिंग्टनची टॉयलेट्स फुकट आहेत आणि पुढे बराच वेळ सोय नाही. "मला नाहीये" म्हणणाऱ्यालाही पाठवा.

मग हॅमरस्मिथ अँड सिटी लाइनच्या बाजूची जी कालव्याकडे निघणारी दिशा आहे तिकडून बाहेर पडा. समोर पाणी दिसेल, डावीकडे वळून पाण्याच्या काठाने चालत राहायचं, दहा मिनिटांत पूल ओलांडून एकदम मोठं पाणी येतं, मधे छोटं बेट, काठाला रंगीत लांबट बोटी, त्यांच्या टपावर कुंड्या आणि सायकली. हेच लिटल व्हेनिस.

इथे पहिल्यांदा बसा, अर्धा तास. बाकं आहेत, बागही आहे. थर्मासमधला पहिला चहा इथेच. आमची मंडळी इथे कायम एकच गोष्ट बोलतात, की या बोटींत लोक खरंच राहतात का, आणि मग त्यांचं पाणी, गॅस, शौचालय कसं असेल यावर बाबा लोकांची वीस मिनिटं चर्चा होते. होऊ द्या, घाई करू नका.

मुलं असतील तर: इथे एका बोटीत कठपुतळ्यांचं थिएटर आहे, ऑक्टोबर ते जुलै साधारण ते लिटल व्हेनिसला असतं, उन्हाळ्यात रिचमंडला जातं. तिकीट आधी काढावं लागतं, जागा कमी असते. शो बघणार असाल तर मग टेकडी सोडा, दोन्ही होत नाही.

टप्पा ६: टिळक राहिले ते घर

मॅपमध्ये १० हाउली प्लेस टाका. लिटल व्हेनिसपासून पाचेक मिनिटं, मेडा अव्हेन्यूच्या मागच्या बाजूला शांत गल्ली आहे. घरावर निळी गोल पाटी आहे, लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये इथे राहत होते अशी. चिरोल खटल्यासाठी, म्हणजे व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकारावर त्यांनी केलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी, ते तेव्हा लंडनला आले होते.

घर खासगी आहे. आत जाता येत नाही, बेल वाजवायची नाही, पायरीवर उभं राहून फोटो काढायचे नाहीत. समोरच्या फुटपाथवरून बघा, हळू बोला, पाच-दहा मिनिटं खूप झाली. मागच्या वर्षी आमच्याबरोबर माझे मामा होते, निवृत्त शिक्षक. त्यांनी चष्मा पुसला, पाटी एकदा मनात वाचली, मग आमच्या धाकटीला कडेवर घेऊन अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचून दाखवली, आणि मग काहीच न बोलता तिथे उभे राहिले. कुणालाही तिथून हलवायची घाई करू नका, अर्धा तास उशीर झाला तर पुढचं काहीतरी कमी करा.

टप्पा ७: कालव्याकाठची वाट (इथेच लोक हरवतात)

मॅप म्हणतो कालव्याने सरळ जा, पण सरळ जाता येत नाही. लिटल व्हेनिसच्या पुढे कालव्याकाठचा काही भाग बोटवाल्यांसाठी राखीव आहे आणि त्यानंतर मेडा हिल टनेल येतो, जवळजवळ २५० मीटर लांब, आणि त्यात चालायची वाट नाहीच. त्यामुळे असं करा:

१. हाउली प्लेसवरून परत मेडा अव्हेन्यूवर या आणि कालवा डाव्या हाताला ठेवून रस्त्यानेच चालत एजवेअर रोडपर्यंत जा.

२. एजवेअर रोड सिग्नलवरच ओलांडा, मोठा रस्ता आहे.

३. समोर ॲबरडीन प्लेस. त्याने पुढे जाऊन टोकाजवळून परत खाली कालव्याकडे उतरायचं, लिसन ग्रोव्हच्या बाजूला. इथे पायऱ्या आहेत, बग्गी दोघांनी उचलायची.

४. खाली उतरलात की आता कॅम्डेनच्या दिशेने पाण्याच्या काठाने चालत राहा, चुकायला जागा नाही.

तपासा: तुम्ही अर्धा तास चाललात आणि अजून गाड्यांच्या रस्त्यावरच आहात, पाणी दिसत नाहीये, तर तुम्ही उतरायची जागा ओलांडलीय. परत फिरा.

आता सावधगिरी, आणि ही मनापासून सांगतेय. या वाटेला पाण्याच्या बाजूने कठडा नाही. वाट अरुंद आहे, पुलांखाली तर एका वेळी एकच माणूस जाईल इतकी, आणि सायकलवाले येत राहतात. लहान मूल पाण्याच्या बाजूला नाही, भिंतीच्या बाजूला, आणि हात धरून. पुलाखाली शिरताना रांग करा, पुढे एक मोठा, मागे एक मोठा, मुलं मधे. मागून घंटी वाजली की सगळ्यांनी एकाच बाजूला व्हायचं, निम्मे इकडे निम्मे तिकडे झाले की सायकलवाला गोंधळतो. स्कूटर-सायकल मुलांना देऊ नका इथे. पाऊस पडून गेला असेल तर वाट चिखलाची आणि निसरडी असते.

लिसन ग्रोव्हनंतरचा थोडा भाग रुळांच्या पुलांखालून जातो, जरा रुक्ष वाटतो, आणि मग एकदम झाडं सुरू होतात आणि पलीकडच्या काठावर पांढरे मोठाले बंगले. तुम्ही रीजंट्स पार्कच्या कडेला आलात. थोडं पुढे डावीकडे डोक्यावर मोठी जाळीची रचना दिसते, ते लंडन झूचं, पूर्वी तिथे पक्षी होते आणि २०२२ पासून काळ्या-पांढऱ्या कोलोबस माकडांना ठेवलंय. खालून कधी दिसतात कधी नाही. पण झूमध्ये आत जायचा मोह आज नको, तिकीट महाग आहे आणि त्याला पूर्ण दिवस लागतो.

ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी: लिटल व्हेनिसहून कॅम्डेन लॉकला बोट जाते, साधारण पाऊण-एक तास, आणि ती त्या अंधाऱ्या बोगद्यातून जाते त्यामुळे मुलंही खूश. उन्हाळ्यात नियमित असते, हिवाळ्यात कमी. तिकीट आधी काढा. आम्ही एकदा बाबा आणि धाकटीला बोटीने पाठवलं, एक मोठा माणूस त्यांच्यासोबत, आणि बाकीचे चालत गेलो. फक्त कुठे भेटायचं ते नेमकं ठरवा. "कॅम्डेनला भेटू" असं म्हणू नका, तिथे हजारो माणसं असतात. बोट थांबते तिथेच काठावर, असं सांगा.

टप्पा ८: प्रिमरोझ हिल आणि जेवण

झू मागे पडलं की प्रिन्स अल्बर्ट रोडवर चढायची वाट येते, ती घ्या. चुकून पुढे गेलात तर लाल रंगाचं तरंगतं चायनीज रेस्टॉरंट दिसेल आणि कालवा तिथे काटकोनात डावीकडे वळतो. हे दिसलं की तिथूनच वर या, नाहीतर थेट कॅम्डेनच्या गर्दीत जाऊन पोचाल.

रस्ता ओलांडला की समोर प्रिमरोझ हिल. पायथ्याशी मुलांच्या खेळायच्या जागेजवळ टॉयलेट आहे, आधी तिकडे, मग डबा. आणि जेवण पायथ्याशी करायचं की वर? आधी पायथ्याशी जेवा. भुकेल्या मुलांना वर चढवून मग चटई टाकली की वाऱ्यात टिश्यू उडतात, चटणी उडते. झाडाखाली जेवा, बाबांना पंधरा मिनिटं आडवं होऊ द्या, मुलांना गवतात पळू द्या, आणि मग वर जा. टेकडी फक्त ६३ मीटर उंचीची आहे, डांबरी वाट आहे, सावकाश पंधरा मिनिटं. वरून सेंट पॉल्सचा घुमट, शार्ड ही काचेची उंच इमारत, लंडन आय, सगळं एकाच ओळीत दिसतं. मुलांना एकेक शोधायला लावा. ज्या शहरात लोक बिग बेनसाठी दिवसभर धावतात ते अख्खं शहर इथून बसून दिसतं.

लक्षात ठेवा: इथे कुत्री मोकळी सोडलेली असतात. भारतातून आलेल्यांना आणि लहान मुलांना भीती वाटते, डबा उघडा असला की ती वासाने येतातच. ओरडू नका, पळू नका, डबा बंद करा, मालक बोलावतो.

टप्पा ९: १० किंग हेन्रीज रोड

टेकडीच्या चॉक फार्मकडच्या अंगाने उतरलात की दहा मिनिटांवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना राहिले ते घर आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे, आत जाऊन बघता येतं.

इथे होणारी चूक म्हणजे न विचारता जाणं. हे मोठं म्युझियम नाही, घर आहे, रहिवासी गल्लीत आहे. उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा, दहा-बारा जणांचा ग्रुप असेल तर आधी कळवा, आणि १४ एप्रिलच्या आसपास जात असाल तर गर्दी धरूनच जा. घरात एका वेळी फार माणसं मावत नाहीत, त्यामुळे मुलांना आधीच सांगून ठेवा की इथे हळू बोलायचं. बग्गी बाहेर घडी करून ठेवायची तयारी ठेवा.

वेळ कमी पडत असेल तर काय सोडायचं, असं मला विचारतात. कॅम्डेन मार्केट सोडा. हे घर सोडू नका. थोरल्याने इथून परत येताना ट्रेनमध्ये मला विचारलं होतं की बाबासाहेब एवढ्या थंडीत इथे एकटे काय खात असतील, आणि तो प्रश्न त्याच्या शाळेतल्या कुठल्याही धड्याने त्याला पडला नसता.

टप्पा १०: परतीची वाट

परत कसं जायचं हे चार वाजता ठरवू नका, सकाळीच ठरवलेलं असू द्या. सगळे दमलेले असतात आणि त्या वेळी प्रत्येकाला वेगळं काहीतरी हवं असतं.

पॅडिंग्टनला परत जायचं असेल तर २७ नंबरची बस चॉक फार्मपासूनच सुटते, म्हणून बसायला जागा मिळते आणि वरच्या मजल्यावरून मुलांना शहर दिसतं. ट्रॅफिकमध्ये वेळ जातो पण पायांना आराम. यूस्टनला जायचं असेल तर चॉक फार्म ट्यूबवरून नॉर्दर्न लाइनने थेट. बस बदलायची असेल तर पहिल्या टॅपपासून तासाभरात चढलेल्या पुढच्या बसचे वेगळे पैसे लागत नाहीत, तेच कार्ड वापरलं तर.

कॅम्डेन मार्केट बघायचंच असेल तर चॉक फार्मकडून चालत खाली या, अर्धा तास फिरा आणि बाहेर पडा. पण परतीसाठी कॅम्डेन टाउन स्टेशनवर अवलंबून राहू नका. रविवारी दुपारी गर्दीमुळे तिथे बऱ्याचदा फक्त बाहेर पडता येतं, आत सोडत नाहीत. चॉक फार्मला परत या किंवा पुढे मॉर्निंग्टन क्रेसेंटला जा. मार्केटमध्ये पाकिटं पुढच्या खिशात आणि आई-बाबांचा पासपोर्ट तर आणूच नका, फोटो मोबाइलमध्ये पुरतो.

यूस्टनमार्गे जाणाऱ्यांनी रात्रीचं जेवण स्टेशनच्या मागे ड्रमंड स्ट्रीटवर करावं, शाकाहारी भारतीय हॉटेलं आहेत, भेळ-डोसा मिळतो, आणि घरी जाऊन परत कुकर लावावा लागत नाही. ट्रेनच्या आधी यूस्टनला टॉयलेट, तीही फुकट.

पाऊस असेल तर

धो धो पाऊस असेल तर कालवा नको. साउथ केन्सिंग्टनला जा, तिथे सायन्स म्युझियम, नॅचरल हिस्ट्री म्युझियम आणि व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम) एकमेकांना लागून आहेत, प्रवेश फुकट, फक्त पहिल्या दोन्हींचा स्लॉट शक्यतो आधी बुक करा. ट्यूब स्टेशनपासून भुयारी वाट थेट म्युझियमजवळ निघते, भिजायला होत नाही. स्टेशनात पायऱ्या आहेत, गुडघेवाल्यांना नेताना हे लक्षात ठेवा. आणि तिथेही एकच म्युझियम करा. पाच-साडेपाचपासून बंद व्हायची घोषणा सुरू होते, त्यामुळे दुपारी तीनला पोचून उपयोग नाही.

सोमवारी एक काम

सोमवारी किंवा मंगळवारी सगळ्यांच्या कार्डांची जर्नी हिस्ट्री उघडून बघा. कुणीतरी टॅप आउट विसरलेलं असतंच, आमच्यात बहुतेक वेळा बाबा असतात, आणि तिथे अर्धवट प्रवास म्हणून जास्तीचे पैसे कापलेले दिसतात. कुठे उतरलात ते ऑनलाइन भरलं की पैसे परत मिळतात. त्यासाठी रविवारी रात्रीच कोण कुठे चढलं आणि कुठे उतरलं ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा, दोन दिवसांनी कुणालाही आठवत नाही.